नावबुडव्या

धक्क्यावर उतरलो तेव्हा हातात एक पिशवी होती आणि डोक्यात एकच काम. धाकट्या बहिणीने लग्न करायचं ठरवलं होतं. माणूस बघायचा. पटला तर हो म्हणायचं, नाही पटला तर तिला घेऊन परतीची गाडी धरायची. फोनवर तीच म्हणाली होती, "दादा, तू नाही म्हणालास तर मी नाही करणार. पण बघून नाही म्हण. घरबसल्या नको."

धाकटी आपली म्हणायला धाकटी. तिचेही केस पांढरे झालेत. नवरा गेल्यावर सासरी तिला कुणी धरून ठेवलं नाही. मग या पाणथळ मुलखात एका लॉजवर चादरी धुवायच्या कामाला आली आणि इथलीच झाली. मी आयुष्यभर गवंडीकाम केलं. माझ्या हाताखाली आलेला माणूस कसा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळायचं. संध्याकाळी थापी धुऊन ठेवतो की तशीच टाकून जातो, एवढं बघायचो. तिला माझा हाच स्वभाव हवा होता. म्हणून बोलावलं होतं.

ती यायला वेळ होता. धक्क्यावर दोन हमाल भाताची पोती लाँचमध्ये चढवत होते. पोतं पाठीवर घेताना गुडघ्यातून वाकत होते, कमरेतून नाही. कामाची माणसं दिसली, म्हणून त्यांनाच विचारलं.

"होड्यांचं काम करणारा एक माणूस आहे इथे. उंच. उजव्या खांद्यात वाकलेला. कसा आहे?"

"कोण, नावबुडव्या?" पहिल्याने पोतं खाली टेकवलं.

"काय म्हणालात?"

"नावबुडव्या. सगळे त्याला तेच म्हणतात. त्याच्या बापालाही म्हणायचे."

माझ्या मनात पाल चुकचुकली. "कुणाचं नाव बुडवलं त्याने?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्याच्या मिशीत हसू हललं. "कुणाचं नाही ते विचारा, मामा. या काठावरचं एक घर दाखवा, ज्याचं त्याने बुडवलेलं नाही."

"बुडवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही," पहिला म्हणाला. "आवाज नाही, बुडबुडा नाही. समोर उभं राहून बघितलं तरी कळत नाही."

"आणि लोक गप्प बसतात?"

"गप्प कशाला बसतील? रांग लावतात रांग! तुमचं आहे का काही बुडवायचं?"

दोघं खो खो हसले आणि पोत्यांकडे वळले. मी हसलो नाही. ज्या माणसाचं असलं नाव तोंडावर घेतात, तो एक तर अट्टल निर्लज्ज असणार, नाहीतर सगळा गाव त्याला सामील असणार.

धाकटी होडी घेऊन आली. स्वतःच उभी राहून बांबूने ढकलत होती. लहान लाकडी होडी, पुढच्या टोकाला निळ्या रंगाचा पट्टा. "ही माझी," ती म्हणाली. "स्वतःची. यातूनच चादरी नेते वाळवायला." आमच्या घरात कुणीही एवढ्या अभिमानाने काही दाखवलेलं मला आठवत नाही.

"तो का नाही आला?"

"पाण्यात आहे."

"पाण्यात म्हणजे?"

"कामात रे. बस मधोमध. हलू नकोस."

दोन्ही बाजूंनी शेतं सुरू झाली आणि माझं लक्ष उडालं. इथे पाणी वर आणि शेत खाली. होडीत बसून आपण शेताकडे खाली बघतो, जसं गच्चीवरून अंगणात बघावं. मधे मातीचा एक बांध, माणूस उभा राहील एवढाच रुंद. कापणी झालेली होती. धसकटांमध्ये बदकांचा थवा चरत होता, आणि आमच्या होडीची लाट त्या बदकांच्या डोक्यांपेक्षा उंच होती. एका मोठ्या बोटीतून पाहुणे फोटो काढत होते. सुंदर होतंच. नाही म्हणत नाही. पण मी बांधाकडे बघत होतो. बांध ओला होता. खालून झिरपत होता. माझ्या हातची भिंत अशी झिरपली असती तर मी ती पाडून पुन्हा बांधली असती.

"दादा, समोर बघ ना. लोक एवढ्या लांबून येतात बघायला."

"बघतोय. याला तळ कुठे आहे?"

"लागतो तळ. बांबूला लागतो."

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलंच. "त्याला लोक काय म्हणतात, माहितीये तुला?"

ती हसली. "माहितीये की. सगळेच म्हणतात."

"आणि तुला चालतं?"

"न चालायला काय झालं? सगळ्यांची झाली, आता माझीच पाळी आहे. या आठवड्यात."

बांबूवरून पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. ती मजेत होती. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. पुढे काही विचारलं नाही. एखाद्याने माणसाला पुरतं भुलवलं असलं की त्या माणसाला विचारून उपयोग नसतो. त्याचं उत्तर दुसऱ्याने आधीच भरून ठेवलेलं असतं.

तिची खोली लॉजच्या मागे होती. एक खाट, इस्त्रीचं टेबल, भिंतीलगत घड्या घातलेल्या चादरींचे थर. चादरी छताला टेकत होत्या, पण एकही थर कललेला नव्हता. भिंत मात्र कललेली होती. पिशवीतून ओळंबा काढून दोरी लावली. वजन भिंतीपासून दोन बोटं सुटलं.

"ओळंबा घेऊन आलास?" ती म्हणाली. "नवऱ्याला पण लावणार का?"

"लागला तर लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे गेलो. कालव्याच्या काठावर पत्र्याची लांब शेड. आत दोऱ्या, बांबू, डांबराचा डबा, सुतळीचे गुंडे. सगळं जागच्या जागी. तो दाराशी बसून बूच तासत होता. उठून उभा राहिला आणि ओले हात पँटला पुसून म्हणाला, "या, दादा." मग गप्प. त्याला बोलायची सवय नव्हती, किंवा माझ्याशी बोलायचं नव्हतं. हनुवटीने स्टूल दाखवला. चहा आणला, तो घ्या हेही हनुवटीनेच सांगितलं.

शेडमध्ये होडी नव्हती. एकही नाही.

"तुमची स्वतःची होडी?"

"आहे."

"कुठे?"

हनुवटी पाण्याकडे वळली. "खाली."

मी पाण्याकडे पाहिलं. हिरवं पाणी, त्यावर जलपर्णी, आणखी काही नाही. खाली म्हणजे कालव्याच्या खालच्या अंगाला, की आणखी कुठे, त्याने सांगितलं नाही. माझा आवाज जरा चढला. "होड्यांचं काम करता म्हणे. मग बाकीच्यांच्या होड्या कुठायत?"

"त्याही."

शेडच्या मागे दगडांचे ढीग होते. गोल, गुळगुळीत, एका माणसाने उचलावेत एवढे. प्रत्येक ढिगावर वेगळी खूण. कुठे लाल रेघ, कुठे पांढरं फूल, कुठे चुन्याची फुली. दगड बघितल्यावर माझ्यातला गवंडी जागा झाला. एवढे दगड, आणि आजूबाजूला भिंत नाही, पाया नाही, पायरीसुद्धा नाही.

"हे कुणाचे?"

"लोकांचे."

"लोकांचे दगड तुमच्या दारात?"

"ठेवायला दिलेत."

ज्याला नावबुडव्या म्हणतात त्याच्याकडे लोक दगडसुद्धा ठेवायला देतात, हे ऐकून मी कपाळाला हात लावायचाच तेवढा बाकी राहिला. जाताना शेवटचा ढीग बघितला. त्या दगडांवर निळे ठिपके होते. रंग ताजा होता. निळा रंग मी आदल्या दिवशी एकाच ठिकाणी बघितला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि जिथे मुरतं तिथे ते लगेच दिसत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

त्याच दुपारी धाकटी लॉजच्या मालकिणीबरोबर शहरात गेली. पाहुण्यांचा हंगाम संपत आला होता, चादरी-उशांचा नवा माल आणायचा होता. "परवा संध्याकाळी येते," म्हणाली. "आता मला सुट्टी, होडीला पण सुट्टी. तू नीट जेव. आणि त्याच्याशी दोन शब्द बोल. तो आपणहून बोलणार नाही."

ती गेली आणि तासाभरात तो आला. मी बांधावर लव्हाळ्यांच्या आड बसलो होतो. बसलो होतो म्हणजे लपलो होतो. त्याने धाकटीची होडी सोडली. होडीत निळ्या ठिपक्यांचे दगड होते. ढकलत ढकलत त्याने ती एका आडबाजूच्या कालव्यात नेली, जिथे झाडांची सावली दिवसभर पाण्यावर असते आणि कुणी जात-येत नाही. मी बांधाच्या आडून मागोमाग गेलो. तिथे तो छातीभर पाण्यात उतरला. दगड एकेक उचलून होडीच्या तळाशी लावले. मग तळाचं बूच काढलं आणि काठावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. होडी खाली गेली. हमाल खोटं बोलले नव्हते. आवाज नाही, बुडबुडा नाही. निळा पट्टा शेवटी गेला.

पाणी स्थिर झालं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. बांबू खांद्यावर टाकला आणि निघून गेला. खूण म्हणून काडीसुद्धा रोवली नाही.

आता सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. बहिणीचं या मुलखात स्वतःचं म्हणावं असं एकच, आणि ते त्याने ती पाठ फिरवल्याबरोबर संपवलं. होडी नाही म्हणजे तिला इथून हलायला याचंच तोंड बघावं लागणार. उद्या म्हणेल, वाहून गेली.

मी कपडे काढून बांधावर ठेवले आणि उतरलो. पाण्याची मला सवय नाही. पण दगडाची आहे. श्वास धरायचा, बुडायचं, दगड पोटाशी घ्यायचा, तळाला पाय रेटून वर यायचं, बांधावर ठेवायचा, पुन्हा बुडायचं. हात लावला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दगड फेकलेले नव्हते. बसवलेले होते. जड दगड कुठे, हलका कुठे, याचा विचार केलेला होता. मी मनात म्हणालो, बदमाशीत एवढी सफाई, म्हणजे गडी सराईत आहे.

दगड निघाले तशी होडी कशीबशी वर आली, काठापर्यंत पाण्याने भरलेली. लॉजवरून बादली आणून उपसली. मग ती बांधावर ओढायची. एकट्याचं काम नव्हतं, पण एकट्यानेच केलं. शेडच्या बाजूला एक पहार पडली होती ती आणली, होडीच्या कडेखाली घातली आणि तरफ लावून इंचाइंचाने वर घेतली. एकदा पहार सटकून फळीवर आदळली. शेवटी होडी पालथी केली. तळ आभाळाकडे. बांधाच्या माथ्यावर सावली नव्हती, लख्ख ऊन होतं. धाकटी आली की तिला हात धरून इथे आणायचं आणि म्हणायचं, हे बघ, हा तुझा माणूस.  एवढं काम अंगावर घेऊन पुरं केल्याला पुष्कळ वर्षं झाली होती. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर होडीवर ओली पोती टाकलेली. डोक्यापासून शेपटीपर्यंत, एक फळी उघडी नाही. त्याचंच काम. बुडवायला जमलं नाही म्हणून झाकायला निघाला. मी पोती काढून बाजूला फेकली.

दुपारी पुन्हा बघितलं. पोती पुन्हा होडीवर. पुन्हा ओली. पुन्हा काढली. या वेळी लव्हाळ्यात लांब टाकली.

संध्याकाळी तो समोरच्या बांधावरून चालत गेला. मी होडीशेजारी उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. ओरडला नाही, जाब विचारला नाही. चोराला जाब विचारायला तोंड कुठून असणार? खाली मान घालून गेला. माझ्या लेखी तिथेच त्याचा निकाल लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोती पुन्हा तिथे. मी त्यांच्यावर बसून राहिलो असतो तरी त्याने ती कुठूनतरी आणली असती. काढली. दिवसभर पहारा दिला. ऊन असं होतं की होडीचं लाकूड बसल्या जागी कुरकुरत होतं. मला वाटलं, वाळतंय. चांगलंय.

ऊन कलायच्या आत धाकटी आली. लाँचमधून उतरून बांधावरून चालत, हातात दोन गाठोडी. मी पुढे झालो. "ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

तिने दुरूनच पाहिलं. गाठोडी हातातून सुटली. ती धावत होडीपाशी गेली, खाली वाकून आत डोकावली आणि तशीच राहिली. मीही वाकलो. पालथ्या होडीच्या आत अंधार असायला हवा होता. फळ्याफळ्यांमधून उजेडाच्या रेघा येत होत्या. सरळ, लांब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"कुणी काढली ही?"

"मी काढली. त्याने बुडवली होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दगड घालून! तू गेल्याबरोबर!"

"मग? मीच सांगितलं होतं त्याला."

"बुडवायला?"

"दादा, हंगाम संपला की बुडवतातच! उन्हाळ्यात वर ठेवली तर लाकूड सुकतं, फळ्या आकसतात, दरजा उघडतात. म्हणून पाण्याखाली ठेवायची. इथल्या सगळ्यांच्या तो बुडवतो. तेच काम आहे त्याचं! सांगितलं नव्हतं का, आता माझी पाळी म्हणून?"

"मला वाटलं... लोक त्याला नावबुडव्या..."

 मग तिच्या लक्षात आलं. हसावं की रडावं हे तिला कळेना.

"अरे, ते नाव नव्हे! ती नाव! इथे होडीला नाव म्हणतात!"

नाव म्हणजे होडी हे मलाही ठाऊक होतं. शाळेच्या पुस्तकात होतं. पण आमच्या कोरड्या गावात नाव बुडतं ते घराण्याचंच. दुसरं बुडायला तिथे पाणीच नाही.

तो येऊन उभा राहिला होता. तिचा आवाज शेडपर्यंत गेला असणार. हातात ओली पोती होती.

"तू बघितलंस ना ही अशी?" ती त्याच्यावर घसरली. "दोन दिवस! तोंड उघडता आलं नाही तुला? दादाला म्हणायचं ना, ठेवा खाली म्हणून?"

तो पोती होडीवर टाकत म्हणाला, "मला वाटलं, तूच काढायला सांगितलीस."

"मी कशाला सांगेन?"

"दादा न्यायला आलेत. नाव वर काढली. म्हटलं, ठरलं तुझं. जाणार." त्याने एका पोत्याचा कोपरा नीट केला. "जाईपर्यंत तरी फाटू नये, म्हणून पोती."

मला त्या मुलखात येऊन तीन-चार दिवस झाले होते आणि एवढे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. धाकटी खाली बसली. तिने पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आणि हा गवंडी! बघायला बोलावलं तर उपसायला लागला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पुन्हा खाली घालायची होती. मी म्हणालो, दगड मी काढलेत, मीच देणार. तो नको म्हणाला नाही. मी बांधावरून द्यायचो, तो पाण्यात उभा राहून लावायचा.

पहिलाच दगड मी फळीवर टेकवला तसा तो म्हणाला, "खणकन नको. ठेवा."

मला कामात कुणी चूक दाखवून फार वर्षं झाली होती. ठेवला. पुढचा द्यायला गेलो तर म्हणाला, "हा नाही. तो चपटा."

"का?"

"इथे फळी जुनी आहे. गोल दगड टोचतो."

त्याचं काम मी बघत होतो. पुढच्या टोकाला जड, मागे हलके, मधली जागा मोकळी. होडी एका अंगाला कलली की तो ज्या बाजूला दगड वाढवेल असं मला वाटे, त्याच बाजूचा काढून घ्यायचा. बूच काढल्यावर पाणी चारी अंगांनी सारखं चढलं. माझी पाणसळ ठेवली असती तर बुडबुडा मधोमध राहिला असता. होडी तळाला टेकली तेव्हा त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे.

"ते काय बघता?"

"ते झाड आणि ते दार." एका बाजूला वाकडं झाड होतं, दुसऱ्या बाजूला शेतात पाणी घ्यायचं फळ्यांचं दार. दोघांच्या रेषा जिथे मिळतात तिथे होडी. काडी रोवायची गरज नव्हती.

"आता जुळेल का ती?" मी विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"पाणी पिऊ दे. मग कळेल."

धाकटीने त्या संध्याकाळी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली. "आता सांग. हो की नाही?"

"नाव वर आली की सांगतो."

"ती काय उद्या येणारे? महिना जाईल!"

"मग महिना थांबतो. तुझी भिंत कललेलीच आहे."

"दादा, अजून संशय आहे तुझा?"

होता. खोटं का बोलू? बुडवायला येतं म्हणजे काढायला येतंच असं नाही. अर्धं काम बघून मी कुणाला कामावर ठेवलेलं नाही.

त्या महिन्यात तिची भिंत उतरवून पुन्हा बांधली. इथली माती धरत नाही, पाया बैठकीसारखा रुंद घ्यावा लागला. तो रोज येऊन बघायचा, बोलायचा नाही. बाकी वेळ मी त्याच्याबरोबर कालव्यांतून फिरायचो आणि एकेक शब्द ओढून काढत त्याची हकीकत गोळा करायचो. त्याचा जन्म त्या शेडमध्येच. तेव्हा ती गवताची होती. बाप भाताची पोती वाहणाऱ्या मोठ्या नावा बुडवायचा. त्या बुडवायला गल्लीभर माणसं लागत. याचा उजवा खांदा वाकला तो त्याच नावांच्या दोराने. पहिली बायको तापाने गेली, मूलबाळ नाही. मग रस्ता झाला, पोती ट्रकने जायला लागली, मोठ्या नावा संपल्या. आता नवीन लोक फायबरच्या होड्या घेतात. त्यांना बुडवावं लागत नाही.

"मग तुमचं काय?"

"लाकडाच्या आहेत तोवर आहे."

"त्या संपल्या की?"

त्याने खांदा उडवला. वाकलेलाच. "चादरींच्या धुलाईला नाव लागते," म्हणाला. मला उत्तर कळायला जरा वेळ लागला.

एकदा मी मुद्दाम विचारलं, "या आडव्या कालव्यात कुणाची आहे?" पाणी गढूळ होतं, काही दिसत नव्हतं. तो म्हणाला, "शिंपिणीची. तिच्या शेजारी पोस्टमनची. पोस्टमन वारला, पोरगा शहरात आहे. कधी येईल ठाऊक नाही." "मग कशाला सांभाळता?" "काढू नका असं पोस्टमन म्हणून गेला. काढा असं अजून कुणी म्हटलेलं नाही." मी पुन्हा एकदा एकटाच जाऊन बांबूने तळ चाचपून आलो. लाकूड लागलं. दोन ठिकाणी.

महिन्याने नाव वर काढली. त्याने दगड उचलले, मी घेतले, निळे ठिपके वर करून रचले. उपसली, पुसली, पाण्यावर सोडली. धाकटी काठावर हाताची घडी घालून उभी. मी भिंतीचं उरलेलं सिमेंट कागदात आणलं होतं. कोरडं सिमेंट ओल लपवू देत नाही, लगेच काळं पडतं. होडीत उतरून सगळ्या दरजांवर चिमटी-चिमटीने टाकलं.

"आता हिला गिलावा करणार का?" धाकटी म्हणाली.

"गप. बसा दोघं. धक्क्यापर्यंत जाऊ. मला गाडी आहे."

तो मागे बांबू घेऊन उभा राहिला, ती मधे, मी पुढे तोंड उलटं करून, नजर तळाशी. शेतांत आता पाणी सोडलं होतं. बांधाच्या दोन्ही बाजूंना आभाळ होतं. मी मान वर केली नाही. दरजा कोरड्याच्या कोरड्या राहिल्या. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग त्याच्या पायाजवळ, डाव्या अंगाला, नाण्याएवढा एक डाग काळा पडला. माझ्या डोळ्यांसमोर पहार सटकली ती जागा आली. तीच. तशीच. त्याने तो डाग माझ्या आधी बघितला होता. त्याने डाव्या पायाची टाच त्यावर ठेवली आणि बांबू रेटला.

धक्का आला. तेच दोन हमाल, तशीच पोती. एकाने मला ओळखलं आणि लांबूनच हाक मारली, "काय मामा! बुडवलं का शेवटी नाव त्याने?"

धाकटी माझ्याकडे वळली. महिनाभर तिने पुन्हा विचारलं नव्हतं.

"बुडवलं नाही," मी म्हणालो. "बुडवली. वरही काढली. आणि जरा अदबीने बोला, मेहुणा आहे माझा."

हमाल हसायचा थांबला. धाकटीने पिशवी उचलून माझ्या हातात दिली, ओळंबा काढून स्वतःकडे ठेवला. मी धक्क्यावर चढलो आणि वळून म्हणालो, "दाजी, परतल्यावर ती फळी बदलून घ्या."

"घेतो," तो म्हणाला. टाच त्याने हलवली नाही.